भोंगा, दोन वेळा

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतले आणि नववीच्या शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका माझ्या नावावर लावल्याचे सांगितले. वेळापत्रकातल्या त्या चौकोनात त्यांनी ‘नाट्य व माध्यम’ असे लिहिले होते. मी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत सतरा वर्षे मराठी शिकवते. स्नेहसंमेलनात नाटुकली बसवण्यापलीकडे रंगभूमीशी माझा संबंध प्रेक्षक म्हणूनच आला आहे आणि कॅमेऱ्याशी तर मोबाईलपुरताच. त्यामुळे हा विषय मी मुलांना शिकवला असे म्हणायला जीभ रेटत नाही; बहुतेक वेळा त्यांच्या चार दिवस पुढे राहून मी तो स्वतः शिकत होते. जानेवारीपर्यंत आम्ही पस्तीस मिनिटांची एक एकांकिका बसवली आणि त्याच गोष्टीचा अकरा मिनिटांचा लघुपट केला. एकच गोष्ट दोन्हीकडे करण्याचा निर्णय मी केवळ श्रम वाचावेत म्हणून घेतला होता. तो हिशेब पार चुकला, पण त्या चुकीमुळे जे समजले ते दोन वेगळ्या गोष्टी घेतल्या असत्या तर समजले नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नावे दिली ३४ मुलांनी. प्रत्येकाने आपल्याला काय करायला आवडेल ते चिठ्ठीवर लिहावे असे मी सांगितले, तेव्हा २९ जणांनी ‘अभिनय’ लिहिले, तिघांनी ‘मोबाईलवर शूटिंग’, एकाने ‘काहीही’ आणि एका मुलीने ‘शनिवारी दुपारी घरी कोणी नसते म्हणून आले आहे’ असे लिहिले. या शेवटच्या चिठ्ठीचा मला पुढे फार उपयोग झाला, कारण वर्षभर एकही शनिवार न चुकवणारी ती एकटीच निघाली. २९ जणांना भूमिका देणे शक्य नव्हते आणि ‘सगळ्यांना काम मिळेल’ असे गोड आश्वासन देऊन मागच्या रांगेत झाडे म्हणून उभे करणे मला मान्य नव्हते. म्हणून पहिले सहा शनिवार मी अभिनय, लेखन, नेपथ्य-वेशभूषा, प्रकाश आणि ध्वनी-चित्रण असे पाच गट पाडले आणि प्रत्येकाने पाचही गटांत काम करून पाहायचे असा नियम केला. यावर दोन पालक भेटायला आले. त्यांतल्या एका वडिलांचे म्हणणे असे होते की, मुलाला नाटकात घातले आहे, वायरी गुंडाळायला नाही. त्यांचे समाधान मला करता आले नाही. मुलगा मात्र सहाव्या शनिवारनंतर आपणहून प्रकाशाच्या गटात गेला आणि तिथेच राहिला.

संहितेचा प्रश्न त्याहून अवघड होता. माझ्याकडे बालनाट्यांची पाच-सहा जुनी पुस्तके होती आणि त्यांतले एखादे घ्यावे असाच माझा बेत होता. परंतु प्रयोग एका आंतरशालेय स्पर्धेतही करायचा होता आणि तिथे हक्कांचा विषय निघाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेतील मंडळी आणि पालक यांच्यापुरता केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. बाहेरच्या प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा झाला की लेखकाची, आणि लेखक हयात नसल्यास वारसांची, परवानगी लागते, कारण आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यातच लघुपटही करायचा म्हणजे रूपांतराची आणखी एक परवानगी. परवानग्यांच्या पत्रव्यवहारात सप्टेंबर उजाडला असता. तेव्हा मुलांनीच लिहावे, असे ठरले. खरे सांगायचे तर तो धाडसी निर्णय वगैरे नव्हता, कागदपत्रांचा कंटाळा होता.

मुलांना ‘नाटक लिहा’ म्हटले की ती दूरदर्शन मालिकेतले घर लिहितात, हा सतरा वर्षांचा अनुभव. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या घरातील किंवा इमारतीतील साठीच्या पुढच्या एका तरी माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून आणावी, असे मी सांगितले. एकच प्रश्न द्यायचा होता : तुम्ही नववीत होतात त्या वयात किंवा कामाला लागलात तेव्हा या भागात कोणते आवाज ऐकू यायचे? प्रश्न आवाजाचा ठेवला, कारण ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटले की माणसे भाषण करतात. आलेल्या नऊ मुलाखतींपैकी सहा पूर्णपणे वाया गेल्या. डोक्यावर पंखा, मागे दूरदर्शन संच, खिडकीबाहेर घोडबंदर रस्ता, आणि मोबाईल टेबलावर ठेवून मुले चार फूट लांब बसलेली. त्या शनिवारी आम्ही एकच प्रयोग केला : तेच वाक्य, तोच आवाज, मोबाईल चार फुटांवर, मग दोन फुटांवर, मग हातभर अंतरावर. अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याच्या आवाजाची तीव्रता चौपट होते आणि पंख्याची तेवढीच राहते, हे फळ्यावर लिहून दाखवण्यापेक्षा कानाला लावून ऐकवणे कितीतरी सोपे गेले. मुलाखत संपल्यावर त्याच खोलीत तीस सेकंद कोणीही न बोलता नुसती शांतता मुद्रित करायची, म्हणजे पुढे संकलनात तुकडे जोडताना खोलीचा तोच आवाज खाली पसरता येतो, हेही तेव्हाच शिकलो. नववीच्या मुलांना तीस सेकंद गप्प बसवणे ही वर्षातली सर्वांत कठीण गोष्ट होती. अठराव्या-विसाव्या सेकंदाला कोणीतरी फिसकन हसायचेच.

उरलेल्या तीन मुलाखतींत एका मुलीच्या शेजारच्या आजोबांची होती. आजोबा वागळे इस्टेटमधील एका कंपनीत लेथवर टर्नर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. ठाण्याच्या कितीतरी घरांत चूल तिथल्या पगारावर पेटत होती. आजोबांची कंपनी बंद पडून वीस वर्षे होऊन गेली. मुलीने प्रश्न विचारताच ते म्हणाले, “भोंगा.” साडेसहाला पहिला, सातला दुसरा, सात वाजून पाच मिनिटांनी फाटक बंद. मग शेजारून आजींचा आवाज आला. मुलाखत त्यांची नव्हती, त्या स्वयंपाकघरातून बोलत होत्या आणि त्यामुळे आवाजही लांबून आला आहे : “पहिला भोंगा झाला की मी भात उतरवायची. घड्याळ होतं कुठे आमच्याकडे? अजून त्या वेळेला हात जातो बघ बटणाकडे.” हे वाक्य मी त्या शनिवारी वर्गात तीनदा ऐकवले आणि तिसऱ्यांदा ऐकवल्यावर लेखन गटातील एक मुलगा म्हणाला, “बाई, नाटक आजींचं आहे.” त्या मुलाला मराठीत पास होण्यापुरते गुण मिळतात, ही माझी जाता जाता केलेली नोंद.

गोष्ट ठरली ती इतकी साधी : एका फ्लॅटमध्ये म्हातारा-म्हातारी, मुलगा-सून आणि नववीतली नात. रोज सकाळी म्हाताऱ्यांना भोंगा ऐकू येतो, बाकीच्यांना येत नाही. सून म्हणते यांना कान तपासायला न्या, नात हळूहळू त्यांच्याबरोबर ऐकू लागते. संवाद मुलांनी तालमीत बोलून बोलून तयार केले आणि दोन मुलींनी ते उतरवून घेतले. माझे काम कात्रीचे होते. पहिल्या खर्ड्यात सासू-सुनेचे एक कडाक्याचे भांडण होते आणि शेवटी सून रडून क्षमा मागत होती. ते सगळे मी काढले आणि त्यावरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला गेला.

आजीचे काम कोणी करावे यासाठी सर्वांनी तोच प्रसंग करून दाखवला, आणि सर्वांत चांगला तो एका मुलाने केला. तो वाकला नाही, थरथरला नाही. नुसता ओट्याशी उभा राहून तांदूळ निवडल्यासारखे बोट फिरवत राहिला. त्याच्या घरून निरोप आला की मुलगा साडी नेसणार नाही. मी घरी गेले. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्वांच्या साड्यांच्या आणि केशभूषेच्या नकला एके काळी घरोघरच्या स्त्रिया करीत असत आणि दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले होते, हे मी सांगितले, पण त्याचा काही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो मुलाच्या स्वतःच्या आजीमुळे. त्यांनी आतून आपले जुने नऊवारी पातळ आणून त्याच्या मांडीवर ठेवले आणि “नीट नेस, ओचा सुटला तर माझं नाव सांगू नकोस,” एवढेच म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये तालमी जवळजवळ बंदच पडल्या. आमच्या सभागृहावर पत्रा आहे आणि ठाण्याचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की एकमेकांच्या कानात ओरडूनही ऐकू येत नाही. त्या रिकाम्या शनिवारांपैकी एका दिवशी आम्ही मुलांना डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात एका नाटकाला नेले. नाट्यगृहाला डॉक्टरांचे नाव का, असे एकाने विचारले. घाणेकर हे दंतवैद्य होते आणि दवाखाना सांभाळून रंगमंचावर आले, हे कळल्यावर त्याने ते घरी आईला ऐकवले, कारण तिला त्याला डॉक्टर करायचे आहे. प्रयोगानंतर व्यवस्थापकांनी मुलांना दहा मिनिटे विंगेत उभे राहू दिले. नेपथ्यामागचे टेकू, चिकटपट्टीने जमिनीवर केलेल्या खुणा, सामानाच्या टेबलावर प्रत्येक कप-बशीसाठी आखलेला चौकोन हे सगळे त्यांनी पाहिले, आणि पुढच्या शनिवारी आमच्या विंगेतही खडूने चौकोन आखलेले एक बाक आले. तिसऱ्या घंटेचे महत्त्वही त्यांना तिथेच कळले. तोवर आमची मुले ‘सुरू करू या का?’ असे एकमेकांना विचारत रंगमंचावर यायची.

दिव्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. भाड्याने आणलेले चार हॅलोजन, प्रत्येकी १००० वॉटचे, मुलांनी एकाच बोर्डाला जोडले आणि चौथा लावताच एमसीबी पडून शाळेचा तो मजला अंधारात गेला. विज्ञानाच्या सरांनी रागावण्याऐवजी फळा मागवला. १००० भागिले २३० म्हणजे एका दिव्याला सुमारे ४.३ अँपिअर, चार दिव्यांना १७ च्या वर, आणि बोर्ड १६ चा. मग दोन-दोन दिवे दोन वेगळ्या जोडण्यांवर घेतले. नववीच्या पुस्तकातील विद्युतधारेचा धडा त्या वर्षी त्या मुलांना पुन्हा शिकवावा लागला नाही असे सर सांगतात; सर जरा वाढवून सांगतात, पण फार नाही.

आता भोंग्याकडे येते, कारण आमचे निम्मे वर्ष त्यात गेले.

पहिल्या तालमींत ध्वनी गटाने इंटरनेटवरून एक भोंगा उतरवून घेतला आणि तो ध्वनिक्षेपकावर वाजवला. आवाज खणखणीत होता आणि नाटक तिथेच मोडत होते. रंगमंचावरचे आजोबा-आजी मान वर करून खिडकीकडे पाहत आणि भोंगा मात्र प्रेक्षकांच्या डाव्या हाताला ठेवलेल्या पेटीतून येई. आवाज लहान करून पाहिला, पेटी मागे नेऊन पाहिली. प्रत्येक वेळी तो भोंगा यंत्रातून आलेला, सर्वांना ऐकू येणारा भोंगा राहिला; मग सुनेला तो का ऐकू येत नाही, हे प्रेक्षकाला पटेना. एकदा यंत्र बिघडले होते तेव्हा तालीम थांबू नये म्हणून विंगेतून एका मुलाने तोंडाने भोंगा काढला. सगळे हसले, पण ओट्याशी उभ्या असलेल्या आमच्या आजीचा हात शेगडीच्या बटणाकडे गेला तो असा गेला की हसणे अर्ध्यात थांबले.

मग भोंगा कंठाने करायचा असे ठरले. ऐकायला सोपे वाटते. भोंगा एकदम सुरू होत नाही. तो खालच्या सुरात घरघरत उठतो, चढत जातो, वर पोहोचून स्थिर होतो आणि शेवटी पुन्हा घसरत विझतो. एका दमात एवढे होणे शक्य नव्हते, म्हणून अकरा मुले-मुली दोन्ही विंगांत विभागली. ज्यांचे आवाज फुटत होते ती मुले खालून उठवायची, मुलींनी वरचा सूर धरायचा आणि प्रत्येकाने शेजारच्याचा श्वास संपताना आपला चोरून घ्यायचा, म्हणजे दोरी तुटत नाही. संगीताच्या बाईंनी यासाठी चार शनिवार दिले. ज्या मुलीने ‘घरी कोणी नसते’ अशी चिठ्ठी लिहिली होती ती या अकराजणांची म्होरकी झाली. पडद्याच्या फटीतून आजीच्या पाठीकडे पाहून ती डाव्या हाताने चढ-उतार दाखवायची. हा आवाज कुठल्याही एका जागेवरून येत नव्हता, दोन्ही बाजूंनी आणि मागून, घराच्या भिंतींतून यावा तसा यायचा. मुख्य म्हणजे तो खऱ्या भोंग्यासारखा नव्हताच. तो आठवलेला भोंगा होता, आणि प्रेक्षकाला ते न सांगता कळायचे.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेतले. नाटकवाले त्याला अजूनही ‘सेन्सॉर’ म्हणतात आणि मुलांना त्या शब्दाने आपण काही भयंकर लिहिले आहे असा अभिमान वाटला. ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला पहिला खेळ केला त्या मराठी रंगभूमी दिनी, शाळेत प्रयोग करावा अशी माझी फार इच्छा होती, पण हा दिवस बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या काठावर येतो. शाळेतला प्रयोग अखेर नोव्हेंबरच्या शेवटी झाला आणि स्पर्धेतला डिसेंबरमध्ये. स्पर्धेत आमची मुले नेपथ्य लावायला मिळालेल्या वेळात तीन मिनिटे उशीर करून बसली, ओट्याचा एक फळ्यांचा भाग उलटा लागला, आणि आम्हाला अभिनयाचे एक उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ते आजीला मिळाले. परीक्षकांनी भोंग्याबद्दल काही विचारले नाही याचे अकराजणांना वाईट वाटले. मी त्यांना सांगितले की त्यांनी विचारले नाही, कारण तो कोणी काढतो आहे हे त्यांच्या लक्षातच आले नाही. हे मी सांत्वनासाठी म्हटले, मलाही ते पूर्ण पटलेले नव्हते.

लघुपटासाठी मी दोन शनिवार धरले होते. तीच मुले, तेच संवाद, पाठांतर पक्के, मग वेळ कशाला लागेल? सात शनिवार आणि एक रविवार लागला.

पहिल्या दिवशीचे चित्रीकरण पाहताना मुलेच तोंड लपवू लागली. सहा महिने मी त्यांना ‘शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेले पाहिजे’ असे बजावले होते आणि ती तसेच बोलत होती. एवढ्याशा स्वयंपाकघरात सासरे सुनेशी सभेत बोलावे तसे बोलत होते. नुसते ‘हळू बोला’ म्हणून भागले नाही, कारण हळू बोलताना त्यांचे चेहरे रिकामे व्हायचे. शेवटी एका मुलीने सुचवले की वर्गात बाई फळ्याकडे वळल्यावर आपण बाकावर जसे बोलतो तसे बोलू या. हे माझ्यासमोर, निर्विकार चेहऱ्याने सुचवले गेले, आणि ते लागू पडले.

दुसरी अडचण पडद्यावरच्या पट्ट्यांची. एका विद्यार्थ्याच्या घरी ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलेल्या प्रत्येक चित्रात वरून खाली सरकणाऱ्या काळसर पट्ट्या दिसत होत्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचे शटर त्याच्याशी जुळते नसेल तर ही लुकलुक चित्रात उतरते. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाकले की पट्ट्या जातात. हे आम्हाला एक अख्खा शनिवार वाया गेल्यावर कळले. ठाणे स्थानकावर आजोबांचे एक दृश्य घ्यायची मुलांची फार हौस होती, परंतु रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता, म्हणून ते दृश्यच काढले. ते नसल्याने काहीही बिघडले नाही.

खरी फजिती झाली ती बटणाच्या प्रसंगात. रंगमंचावर आजी भोंगा ऐकून संपूर्ण वळायची. आधी मान, मग खांदे, मग हात, कारण विसाव्या रांगेतून बोटे दिसत नाहीत. कॅमेऱ्यासमोर ते वळणे नाटकी वाटू लागले. दहा-बारा वेळा घेतल्यावर चित्रणाचे काम करणाऱ्या मुलाने मोबाईल सरळ शेगडीजवळ नेला आणि फक्त बटण आणि त्याशेजारी ओट्यावर पडलेला हात एवढेच धरले. आजीला सांगितले, काही करू नकोस, फक्त ऐक. तर्जनी दोनदा किंचित उचलली गेली आणि हात बटणापर्यंत पोहोचून तिथेच थांबला. जे काम सहा महिने अख्ख्या शरीराने केले होते ते आता एका बोटात मावत होते. मुलगा मात्र खट्टू झाला. ज्या अभिनयासाठी बक्षीस मिळाले तो चित्रपटात दिसतच नव्हता.

आणि मग त्या चित्राखाली अकराजणांचा भोंगा लावून पाहिला. अक्षरशः हसू आले. रंगमंचावर ज्याने अंगावर काटा यायचा तो आवाज शेगडीच्या खऱ्या बटणाशेजारी, खऱ्या ओट्यावर, ‘मुले तोंडाने ऊऊ करीत आहेत’ एवढाच राहिला. रंगमंचावर ओटा पुठ्ठ्याचा होता, आजी मुलगा होता, भिंत पडद्याची होती. त्या सगळ्यात कंठाचा भोंगा सहज सामावून गेला होता. इथे बाकी सगळे खरे असताना तो एकटाच खोटा पडला. ती म्होरकी मुलगी काही बोलली नाही, पण पुढचा शनिवार तिने पहिल्यांदा चुकवला असता; रविवारी काम ठेवले म्हणूनच चुकला नाही. त्या रविवारी पहाटे ती आणि आणखी दोघे, एकाच्या वडिलांबरोबर, एका इमारतीच्या गच्चीवर गेली आणि दूरच्या एका चालू कारखान्याचा खरा भोंगा मुद्रित करून आली. तो लावला आणि चित्र बसले.

निदान आम्हाला तसे वाटले. आठवीच्या वर्गाला लघुपट दाखवला तेव्हा पहिलाच प्रश्न आला : कंपनी चालू आहे तर आजोबा कामाला का जात नाहीत? खऱ्या भोंग्याने कारखाना पुन्हा सुरू करून टाकला होता. मग संकलनात सुनेच्या चेहऱ्यावर येताच भोंगा तोडला आणि खोलीची नुसती शांतता ठेवली, तीस सेकंदांपैकी चार. पुन्हा आजीच्या हातावर येताच भोंगा अर्ध्यातून सुरू केला. दुसऱ्या वर्गाने तो प्रश्न विचारला नाही. फिसकन हसण्यात ज्या मुद्रित शांतता वाया गेल्या होत्या त्यांची मुलांना तेव्हा फार हळहळ वाटली.

जानेवारी संपता संपता मुले गळू लागली. नववीच्या परीक्षेआधीच दहावीच्या शिकवण्यांचे प्रवेश सुरू होतात, आणि शनिवार दुपार ही शिकवणीवाल्यांचीही आवडती वेळ आहे. चौतीसपैकी शेवटच्या दिवशी एकोणीस होती. मला राग शिकवण्यांचा येत नाही. या दोन तासिका वेळापत्रकात शेवटी, सगळ्यांत आधी कापता येतील अशा जागी ठेवल्या गेल्या याचा येतो, आणि ते मी मुख्याध्यापिका बाईंना लेखी कळवले आहे.

लघुपट आजोबा-आजींना दाखवायला आम्ही सहाजण त्यांच्या घरी गेलो. शाळेतला प्रयोग त्यांनी पाहिला होता आणि तेव्हा आजोबा काही न बोलता म्होरक्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले होते. लघुपट त्यांनी मांडीवर लॅपटॉप घेऊन पाहिला. आजींना आपला हात इतका मोठा दिसतो याची मौज वाटली. तो त्यांचा नव्हे, नववीतल्या मुलाचा आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. भोंगा वाजला तशी आजोबांनी मान हलवली.

“हा आमचा नाही,” ते म्हणाले. “हा दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा आहे. आमचा असा सरळ चढत नव्हता, मध्ये अडकायचा. नाटकात बरोबर होता.”

नाटकात तो मध्ये अडकायचा, कारण खालचा सूर धरणाऱ्या दोन मुलांचे आवाज नेमके त्या जागी फाटायचे. ते आम्ही शेवटपर्यंत दुरुस्त करू शकलो नव्हतो. मुलीने काही न बोलता मोबाईल काढला, पंखा बंद केला, हातभर अंतरावर बसली आणि म्हणाली, “आजोबा, कसा अडकायचा ते काढून दाखवा ना.” त्यांनी आधी नाही म्हटले, मग आजींकडे पाहिले, मग डोळे मिटून काढला. दोनदा काढावा लागला. लघुपट स्पर्धेला पाठवून झाला होता, त्यामुळे त्यात अजून तो दुसऱ्या कंपनीचाच भोंगा आहे. पण ही फाईल मुलांनी ‘भोंगा आजोबा २’ या नावाने जपून ठेवली आहे. १ वापरता येत नाही, त्यात मागे आजींच्या कुकरची शिटी आली.